राजाचं झिजलेलं नाक

अमेरिकेतल्या श्रूजबरीहून, मीराच्या घरून, आम्ही मायलेकी बॉस्टनकडे निघालो, तेव्हा माझ्या मांडीवर थालीपिठांचा डबा होता आणि मनात घुसमट. २००५ चा सप्टेंबर. झाडं नुकती कुठे रंगू लागली होती. नाश्त्यालाच मीराने पुन्हा विषय काढला होता.

"आई, कोल्हापूरचं घर विकून इकडे ये. आणि ती लॉ बुक्स डोनेट करून टाक ना!"

"लायब्ररीवाले घेत नाहीत. हळदीकुंकवाचे डाग आहेत म्हणतात."

खंडेनवमीला सुतार करवत पुजतो, तशी आम्ही वकील कायद्याची पुस्तकं पुजतो. आधी बाबांनी पुजली, मग मी. ती हळद पुठ्ठ्यांत मुरलेली. पुस्तकं रद्दीत जातील या भीतीने मी ती कुणालाच देत नव्हते. माझी समजूत घालायला म्हणून मीरा मला बॉस्टनच्या एका ग्रंथालयात इंग्लंडचा एक मध्ययुगीन कायदेग्रंथ दाखवायला नेत होती.

छापून घेतलेला नकाशा वाचायचं काम माझ्याकडे, आणि चष्मा मागच्या सीटवर.

"आई, एक्झिट मिस केलीस!"

"मग पुढच्या तारखेला बघू," मी म्हटलं. मीरा हसली, तेवढाच कारमधला तणाव निवळला. पार्किंगमध्येच थालीपीठ-लोणचं उरकलं आणि आत शिरलो.

ग्रंथपालबाई उंच, पिकल्या केसांच्या, हसतमुख. बाळाला ठेवावं तसं त्यांनी ते जाडजूड पुस्तक मऊ उशीवर ठेवलं. आत इंग्लंडचे जुने कायदे, लॅटिनमध्ये आणि तिथल्या वकिली फ्रेंचमध्ये. पहिल्या अक्षराच्या पोटात सोन्याचा मुलामा, त्यात सिंहासनावर राजा. मी उत्साहाने बोट जिभेला लावलं आणि पान उलटायला निघाले.

"नो, नो, नो!" बाई ओरडल्या. मीराने डोळे मिटून घेतले. सगळा जन्म कोर्टात पानं उलटण्यात गेला, सवय कुठे जाणार?

निदान नमस्कार तरी करावा म्हणून हात जोडले, तर कळलं की पानं वासराच्या कातड्याची. हात थबकले. मग म्हटलं, आपल्या मृदंगालाही कातडंच असतं की. केला नमस्कार.

राजाचं नाक मात्र पार झिजलेलं.

"मालकांचे हात लागून झिजलं असावं," बाई म्हणाल्या. "कुणी शपथ घेताना लावला असेल, कुणी भक्तीने."

शेवटच्या पानावर त्या मालकांची नावं होती, एकाखाली एक. पहिला मालक वकील. पुढच्या एकाने नावाशेजारी कुत्रा काढलेला.

"यातल्या काहींना ही भाषा वाचताही येत नसावी," बाई म्हणाल्या.

"मग ठेवलं कशाला?"

"आवडलं म्हणून. आणि प्रत्येकाने वेळेवर पुढच्याच्या हाती दिलं, म्हणून तर इथवर आलं."

"नाक दुरुस्त नाही करत?"

"छे! ती तर त्यांची खूण."

माझे डोळे भरून आले. मी पुस्तकं जपत नव्हते, अडवून बसले होते. मीराने रुमाल पुढे केला.

कोल्हापूरला परतले ती खंडेनवमीच्या तोंडावर. पुस्तकं पुजली, प्रत्येकात बाबांच्या नावाखाली माझं नाव लिहिलं आणि खाली जागा सोडली. दसऱ्याला माझी ज्युनियर सुजाता पुस्तकं न्यायला टेम्पो घेऊन आली. तिने वरचंच पुस्तक उचललं आणि पदराने पुठ्ठा पुसू लागली.

"मॅडम, हा हळदीचा डाग काढू का?"

"खबरदार!" मी म्हटलं, आणि तिच्या हातात पेन दिलं.