महाराजांच्या कानामागे

नाटक कंपनीत सगळे त्याला रंगोबा म्हणत. चेहरे रंगवणं हा त्याचा धंदा. रात्रभर जागून तारवटलेल्या नायकाचा त्याने घटकाभरात टवटवीत राजपुत्र केला होता, गाल सुजलेल्या नटीची अप्सरा केली होती. "माझ्या हाताखालून गेलेला माणूस आजारी दिसला तर बोटं छाटून देईन," असं तो मिशीत हसत म्हणायचा. काय हात होता त्या माणसाचा! त्याचा स्पंज एकदा फिरला, की डाग, व्रण, दुखणं सगळं गायब.

त्या दुपारी मुलांच्या नाटकाचा खेळ होता. बाहेर चिल्लीपिल्ली आणि त्यांच्या आया-मावश्यांनी नुसता कालवा मांडला होता. आत रंगपटात महाराज आरशासमोर बसले होते. तसा साधा नट, पण जन्मभर राजाच होत आल्यामुळे तेच नाव चिकटलेलं. काही दिवस अंगात ताप, डोळे लालबुंद, खोकला थांबेना. रंगोबाने डोळ्यांखाली जाड रंग थापून रोजची वेळ मारून नेली होती. कोपऱ्यात त्याची सून राजाच्या झग्याला झालर टाचत बसली होती. ती पोटुशी, पाय सुजायचे, म्हणून पंख्याखालची ती जागा तिला सासऱ्यानेच मिळवून दिली होती.

टोप चिकटवायला रंगोबाने महाराजांचे केस वर सारले. कानामागे लाल ठिपके. केसांच्या कडेने कपाळावर आणि खाली मानेवर उतरत चाललेले.

हाताला सवयच ती. त्याने स्पंज उचलला आणि ठिपके झाकूनही टाकले. मग मात्र हात जागच्या जागी थांबला.

"महाराज, हे कानामागे कधीपासून?"

"टोपाचा गोंद बाधला असेल तुझा. किंवा घामोळं. आटप लवकर."

घामोळं? रंगोबाच्या धाकट्या भावाला गोवर झाला तेव्हा असंच कानामागून सुरू झालं होतं. पाठोपाठ रंगोबाही अंथरुणाला खिळला होता. आणि तिकिटाच्या खिडकीवर आरोग्य विभागाने चिकटवलेला कागद तो रोज येता-जाता बघत होता. शहरात गोवर आहे, ताप आणि पुरळ दिसलं तर या नंबरवर कळवा.

तो झटकन सुनेकडे वळला.

"ऊठ. बाहेर अंगणात जाऊन बस."

"अहो बाबा, झालर राहिली ना अजून."

"झालर गेली खड्ड्यात! ऊठ म्हणतो ना!"

सासरा कधी असा अंगावर आला नव्हता. ती दचकून उठली. दाराशी त्याने आवाज खाली आणून विचारलं, "तुला लहानपणी गोवर येऊन गेलाय का गं? लस टोचली होती?"

"काय माहीत. आई असती तर सांगितलं असतं तिने."

पहिली घंटा झाली. मालक आत आले, दोन वाक्यांत काय ते समजले आणि रंगोबाला दंडाला धरून बोळात घेऊन गेले.

"हे बघ, सगळी तिकिटं खपलीयत. तुझ्या सुनेला आत्ताच्या आत्ता माझ्या गाडीतून डॉक्टरकडे धाडतो. तिचं सगळं माझ्याकडे लागलं. तू फक्त गप्प बस. उद्या कळव हवं तर. ठिपके झाकलेस ना? दिसतायत का? नाही ना? मग झालं!"

बोलणं अगदी चोख होतं. सून सुटत होती, खेळ होत होता, नोकरी टिकत होती. रंगोबा मान हलवणारच होता.

पण बोळाच्या तोंडाशी एक बाई तान्ह्या बाळाला खांद्यावर थोपटत उभी होती. या नाटकात दुसऱ्या अंकात राजा खाली प्रेक्षकांत उतरायचा. पोरांच्या गालांचे पापे घ्यायचा, तान्ह्यांना उचलून मुकुट दाखवायचा. टाळ्या तिथेच पडायच्या.

"मालक, दुसऱ्या अंकाचं काय?" एवढंच तो बोलला आणि दंड सोडवून तिकिटाच्या खिडकीकडे निघाला.

"रंगोबा! फोनला हात लावलास तर या दारात परत पाय ठेवायचा नाही!"

दुसरी घंटा झाली. फोन वाजतच राहिला. अखेर पलीकडून एका बाईंचा आवाज आला.

"बाई, मी डॉक्टर नाही. चेहरे रंगवतो. चूक असली तर माफ करा..."

"नुसती शंका आली तरी कळवायचं, खरंखोटं आम्ही बघू. बोला."

तो बोलला. ताप, डोळे, ठिपके सगळं सांगितलं. सून पोटुशी आहे, तेही सांगितलं. "त्याच खोलीत बसायची हो ती. जागा मीच दिली होती."

"तिला बाहेरच बसू द्या. गरोदरपणात ही लस देत नाहीत; रक्त तपासून गरज पडलीच तर दुसरं इंजेक्शन द्यायला वेळ अजून गेलेली नाही. पण मुलांना आत सोडू नका. मी निघालेच."

रंगोबा धावला. नाट्यगृहाचा दारवान दाराचा पडदा बाजूला सारत होता. रंगोबा दोन्ही हात पसरून दारात आडवा उभा राहिला, आत गोवर आहे, असं तोंडाला येईल तसं ओरडत. पोरांनी त्याला विदूषक समजून हसून घेतलं. आया हसल्या नाहीत. मालकांनी एकदा त्या आयांच्या चेहऱ्यांकडे बघितलं आणि तिसरी घंटा दिलीच नाही.

आरोग्य विभागाच्या बाई तोंडाला मास्क लावून आल्या तेव्हा महाराज अजून पुऱ्या रंगात बसले होते.

"मला या चेहऱ्यावर काहीच दिसत नाहीये," बाई म्हणाल्या. "उतरवा सगळं."

रंगोबाने तेलाचा बोळा घेतला. राजाचं तेज गालावरून पुसत गेलं तसतसा खालचा चेहरा वर आला, ठिपक्यांनी भरलेला. महाराजांनी आरशात बघितलं आणि लहान पोरासारखं विचारलं, "सकाळपासून मी किती जणांशी बोललो रे?"

"गोवरच दिसतोय. तपासणीला पाठवू," बाई म्हणाल्या. "आता सूनबाई कुठायत? त्यांचं रक्त आधी घेऊ."

मालक दाराबाहेर पाठ करून उभे होते. "तुझी रंगाची पेटी घेऊन जा," ते वळूनही न बघता म्हणाले.

अंगणात सून आरोग्य विभागाच्या गाडीत चढत होती. "बाबा, तुम्ही येताय ना?"

"येतो. हात धुऊन येतो," रंगोबा म्हणाला आणि नळाखाली कोपरापर्यंत हात घासायला लागला. पेटी आतच राहिली.