संध्याकाळचं विमान आन् माहे बगळे

आपल्याच तोंडानं आपली फजिती कशी करून घ्यावी, हे कोनाले शिकाचं असन तं माह्यापाशी या. हसू नका. मले अजूनई राग येते, पन काढू कोनावर?

माहं वावर अमरावतीच्या विमानतळाच्या भिंतीले लागून हाय. गोबी, टमाटे आन् थोडासा झेंडू. पोरगी मुंबईले नोकरीवर. शनिवारी अर्धा दिवस भरते, संध्याकाळच्या विमानात बसते आन् घरी येऊन माह्याच ताटात जेवते.

अन् एक दिवस गावात मीटिंग! पोरीच्याच वयाची एक मॅडम कॉम्प्युटर घेऊन आली. त्यात आमचं अख्खं विमानतळ, आन् खोटी विमानं उतरून राह्यली. आधी असं कॉम्प्युटरात उडवून पाहतात, मंग खऱ्या विमानाचा टाइम ठरवतात म्हणे. ती म्हणे, संध्याकाळी बगळे लय येतात, विमानाले धोका हाय, म्हणून हे विमान सकाळी न्या लागन.

डोस्कंच सणकलं माहं! सकाळी पोरगी ऑफिसात जाईन का विमानात बसन?

उभाच राह्यलो. म्हटलं, कधी वावरात पाय ठेवला काय तुमी? खुर्चीत बसून विमानं उडवता! मंग यांच्याच घाणीवर बगळे येतात म्हणून मटनवाल्याले धुतलं, उकिरड्याले धुतलं, भातकुली रोडवरचा ढाबाई सोडला नाई. लोकं टाळ्या पिटून राह्यले, आन् मले अजून चेव चढला.

"कोन बोलावते हे बगळे? दाखवाच! त्याले इथंच सोलतो."

मॅडम म्हणे, "काका, नाव नाही माझ्याकडे. जागा आहे."

तिनं बटन दाबलं. दोन महिने मोजलेले बगळे, सारे पांढरे ठिपके, एकाच बाभळीखाली उतरले. माह्याच बाभळीखाली. अळ्या पडलेली गोबी मी रोज चार वाजता तिथंच फेकतो नं! त्या अळ्यांसाठी येत होते लेकाचे.

सारा गाव माह्याकडे पाहून राह्यला. मांगून बायको म्हणे, "घ्या. सोला आता."

मॅडमनं तो ढीग कॉम्प्युटरातून काढला आन् पुन्हा चालवून पाह्यलं. संध्याकाळचं विमान कसं अलगद उतरलं. म्हणे, गोबी खड्ड्यात गाडत जा काका, टाइम बदलाची गरजच नाही.

घरी पोचलो तं पोरीचा फोन. मीटिंगची खबर तिले आधीच लागली होती. "बाबा, माहं विमान कोन अडवून राह्यलं होतं?"

म्हटलं, "होता एक येडा. तुह्या आईनं सोललं त्याले."