पेंढ्यातला मणी

आमच्या अल कुसैसच्या कार्गो गोडाऊनमध्ये खैरुद्दीनचाचांच्या पॅकिंगला नावं ठेवायची कुणाची टाप नव्हती. माणूस मूळचा हर्णैचा. तरुणपणी तिकडे हापूसच्या पेट्या भरल्या, आणि दुबईत वीस वर्षं काढली तरी त्यांचा विश्वास एकाच वस्तूवर: भाताचा पेंढा. बबल रॅपला ते नाक मुरडत. मे महिन्यात रत्नागिरीच्या पेट्या आल्या की आंबे आम्ही खायचे आणि पेंढा चाचांनी जमवायचा. मी ऑफिसात कागदपत्रं टाइप करायचो. उरलेल्या वेळात चाचांची चेष्टा.

१९९८च्या मे महिन्यात कॅरल मॅडम आल्या. इथल्याच एका शाळेत शिकवणाऱ्या अमेरिकन बाई. त्यांच्या डब्यात काळ्या मऊ दगडात कोरलेला बोटभर लांबीचा देवमासा होता, एक चिमुकली वाटी होती आणि शिंपल्याचे एक्केचाळीस मणी, मसुरीच्या दाण्याएवढे. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या चुमाश या मूळ रहिवाशांनी कधीकाळी घडवलेले. मॅडमच्या आजोबांनी ते कुणाला न विचारता जमिनीतून उकरून आणले होते. "माझे नाहीत हे," मॅडम म्हणाल्या. "ज्यांचे आहेत त्यांच्याकडे पाठवायचेत."

चाचांनी देवमासा तळहातावर घेतला आणि मला दाखवत खुदकन हसले. "शैलेंद्रभाई, शेपूट बघा. समुद्रावर वाढलेल्याचाच हात हा!" मग मोठ्या मायेनं एकेक वस्तू पेंढ्यात निजवून पेटी ठोकली.

दुसऱ्या दिवशी एअरलाइनचा माणूस पेटीच्या फटीत डोकावला आणि म्हणाला, "गवत? अमेरिकेत? तिकडचे कस्टमवाले आत घेणार नाहीत. खलास!" पेटी परत आली. चाचांनी पेंढा उपसला, मणी मोजले. चाळीस. पुन्हा मोजले. चाळीसच. इतका पडलेला चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता.

लपवाछपवी त्यांना जमणारी नव्हती. त्यांनी मलाच मॅडमना फोन लावायला लावला आणि स्पीकर सुरू करायला सांगितला. मॅडम समजूतदार. म्हणाल्या, "इट्स ओके, चाचा. एका मण्यानं काय होतंय? चाळीस पाठवा."

"नाही मॅडम," चाचा त्यांच्या हिंदीत म्हणाले. "माल आपका नहीं, आपनेच बोला. फिर माफ करनेवाली आप कौन?"

मी डोक्याला हात लावला. गिऱ्हाइकाशी असं बोलतात? तरी ते इंग्रजीत सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "मी येते."

त्या आल्या तोवर चाचांनी अजमानहून बायकोला, बिलकीसभाभींना, बोलावून घेतलं होतं. भाभी आल्या त्या सूप घेऊनच. "आंबे भरा म्हटलं की डोळे मिटून भरतील," त्या आल्या आल्या म्हणाल्या, "आता व्हा बाजूला!" मागच्या अंगणात चादर अंथरली. आम्ही पेंढा मूठमूठभर झाडायचा, चादरीवर पडलेला भुसा भाभींनी पाखडायचा. मॅडमही गुडघ्यांवर बसल्या. केसांत काड्या, नाकात धूळ, सगळे शिंकतोय आणि हसतोय. चाचा तेवढे हसत नव्हते.

तास उलटून गेला. सुपात बारीकसं काहीतरी टणकन वाजलं. भाभींनी फुंकर मारली, दाणा चिमटीत धरून नवऱ्यासमोर नाचवला. "घ्या तुमचा मोती!"

चाचांच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. "यल्ला, चला शैलेंद्रभाई, कापूस आणा," म्हणत त्यांनी एक्केचाळिसावा मणी बाकीच्यांत ठेवला. ते झाकण लावणार तोच मॅडमनी त्यांचा हात धरला.

त्यांनी ब्लाउजच्या आतून एक पातळ साखळी बाहेर काढली. तिच्यात तसाच एक मणी होता. "हा मी आठवण म्हणून ठेवणार होते," त्या हळूच म्हणाल्या. "कुणाला सांगितलं नव्हतं."

त्यांनी साखळी सोडवली, मणी चाचांच्या तळहातावर ठेवला. चाचांनी मणी कापसात ठेवला, आणि मला म्हणाले, "यादी पुन्हा टाइप करा. बेचाळीस."