जुगाडाची वायर

परवा पालघरात एका पाहुण्या वक्त्यानं तासभर 'जुगाड' या शब्दाची आरती ओवाळली. त्याच्या मते हा आपल्या देशाच्या प्रतिभेचा शब्द. अंगात कडक इस्त्रीचा सदरा, हाताला कुठे खरचटल्याची खूण नाही. मला त्याची कीवही आली नाही, किळस आली.

शब्द उत्तरेकडचा. बोईसरच्या कारखान्यात माझ्याबरोबर मेरठकडचा एक फिटर होता. त्याच्या गावी पाणी उपसायच्या डिझेल इंजिनाला फळ्या ठोकून केलेल्या गाडीलाच जुगाड म्हणत. "उसमें ब्रेक नहीं होता, भाई," तो हसत सांगायचा. इकडे येताना शब्दानं गाडी तिकडेच सोडली, बिनब्रेकचा स्वभाव तेवढा आणला. पालघरच्या कचेऱ्यांत जुगाड म्हणजे ओळखीनं कागद पुढे सरकवणं, कॉलेजात पोरगी पटवणं आणि आमच्या कारखान्यात खर्च टाळणं. साहेब लोक मात्र त्याला अक्कल म्हणू लागले.

मुरब्याला आमच्या घरी हा शब्द नव्हता. वडिलांच्या बोटीचं इंजिन भर समुद्रात बिघडलं, की ते फुटक्या पाइपाला रबर गुंडाळून वर दोरी आवळत आणि म्हणत, "हे घरी येण्यापुरतं हाय." किनाऱ्याला लागल्यावर मासळी घ्यायला आलेल्या बायका कितीही ओरडोत, ते आधी सुरीनं ती दोरी कापून टाकत. टोपल्या मग उतरत. दोरी तशीच राहिली तर उद्या कुणीतरी तिच्या भरवशावर पुन्हा समुद्रात जाईल, ही त्यांची भीती. मला तेव्हा ते खूळ वाटे.

कारखान्यात पाकिटं चिकटवणाऱ्या मशीनचं दार उघडलं की मशीन थांबायचं. ते थांबवणारा स्विच एकदा जळाला. नवा यायला आठवडा लागेल म्हणाले. सुपरवायझरनं फर्मावलं, "जुगाड कर." मी दोन वायरी एकत्र पिळल्या, वर टेप लावली. दार सताड उघडं, तरी मशीन चालू! त्यानं सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली आणि मी मूर्ख फुशारलो. आठवड्याचे चार महिने झाले. स्विच आला नाही, कुणी मागितला नाही. मीही नाही.

मग एके दिवशी शेजारच्या मशीनवरची, कुंभवलीची एक मावशी तिथं बसवली. तिच्या नेहमीच्या मशीनचा स्विच शाबूत होता. अडकलेलं पाकीट काढायला तिनं सवयीनं दार उघडून हात आत घातला. दोन बोटं गेली. चौकशीच्या कागदावर निष्काळजीपणा लिहिला गेला, तोही तिचा.

आठवड्यानं मी सफरचंदं घेऊन तिच्या घरी गेलो. तिनं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. बँडेजातला हात मांडीवर ठेवून तिनं एवढंच विचारलं, "ती वायर काडली काय रे?"

"काढली," मी म्हणालो. धडधडीत खोटं.

"मंग बरा. उद्यापासून माजी सून येतेय त्या मशीनवर."

दुसऱ्या दिवशी सून यायच्या आधी मी वायर कापली. मशीन बंद पडलं. सुपरवायझरनं माझी आईबहीण काढली, पण माल अडला तसा त्यानं माणूस पिटाळला. चार महिने न मिळालेला स्विच दुपारच्या जेवणाआधी आला. बोईसरच्याच दुकानात होता.