सुमतीमावशींचा पेशंट

सुमतीमावशी पहिल्यांदा आमच्या घरी आल्या तेव्हा दारातच त्यांनी माझा हात धरून नखं तपासली. मला आठवा महिना होता. "बाळाला याच हातांनी घेणार ना? मग आजच काप," म्हणाल्या आणि स्वतः बेसिनकडे वळल्या. "आधी हात, मग गोष्ट." त्यांचं हे वाक्य पुढे दोन वर्षं मी ऐकत राहिले.

अमेरिकेत मॉरिसव्हिलला आमच्या वरच्याच अपार्टमेंटमध्ये त्यांची भाची विद्या राहायची. ब्याऐंशी वर्षांच्या मावशी तिच्याकडे येऊन राहिल्या होत्या. लग्न केलेलं नाही, जन्मभर नर्स. नोकरीची सुरुवात इंग्रजांच्या काळात, एका जंक्शनच्या गावी, रेल्वेच्या इस्पितळात. इथे नुसतं बसून राहणं त्यांना जमेना, म्हणून जवळच्या नर्सिंग होममध्ये म्हाताऱ्यांना भरवायला जाऊ लागल्या. विद्याला शनिवारी ऑफिस असे, म्हणून बाळाला नवऱ्याकडे सोपवून मीच त्यांना ड्राइव्ह करून न्यायची.

तिथे मिस्टर हॉब्सन नावाचे नव्वदीचे इंग्रज गृहस्थ होते. तरुणपणी आपल्याकडे रेल्वेत इंजिनिअर, आता मुलीमागोमाग अमेरिकेत आलेले. त्यांचे हात थरथरत, त्यामुळे सूप मावशीच भरवायच्या. "सिस्टर, जल्दी लाओ," ते म्हणायचे. मावशी दटावायच्या, "साहेब, तोंड उघडा. हुकूम नंतर." मला ही जोडी फार गोड वाटायची.

एका शनिवारी टेबलाभोवती चार-पाच जण होते. हॉब्सन क्लबच्या गोष्टी सांगत होते. टेनिस, बर्फ घातलेली व्हिस्की, नाताळचा नाच. मग म्हणाले, "आमच्यात आणि तिथल्या लोकांत कधी वाकडं आलं नाही. एका कुटुंबासारखे होतो. विचारा सिस्टरना!"

मावशींनी चमचा खाली ठेवला. ड्यूटी संपताना रिपोर्ट द्यावा तशा त्या सावकाश इंग्रजीत बोलू लागल्या.

"महायुद्धाची वर्षं. दुपारी दोन वाजता गणपत नावाचा फायरमन, इंजिनात कोळसा घालणारा, आणला. इंजिनच्या वाफेनं गळ्यापासून गुडघ्यापर्यंत भाजलेला. आमच्या वॉर्डात खाट नव्हती, व्हरांड्यात जमिनीवर ठेवला. युरोपियन वॉर्डात सहा खाटा रिकाम्या होत्या, वर पंखे फिरत होते. आमच्याकडचं मॉर्फिन संपलेलं. त्यांच्या कपाटात होतं, पण मेट्रनच्या सहीशिवाय ते नेटिव्हांना द्यायचं नाही, असा नियम. मेट्रन आणि डॉक्टर क्लबात टेनिसच्या मॅचला गेले होते. मी शिपायाबरोबर चिठ्ठी पाठवली. उत्तर आलं, खेळ संपल्यावर येतो. गणपत चार तास ओरडत होता. बायको बाहेर पायरीवर बसून ऐकत होती. सहा वाजता तो गप्प झाला. साडेसहाला डॉक्टर आले."

हॉब्सनांचा चेहरा पांढरा पडला होता. "पण सिस्टर," ते पुटपुटले, "तो नियम होता."

"हो. मीही साठ वर्षं हेच म्हणतेय," मावशी म्हणाल्या. मग त्यांनी चमचा उचलला. "तोंड उघडा. सूप गार होतंय."

पार्किंगमध्ये आल्यावर मला गाडी सुरू करवेना. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "मावशी, तुमच्या हातात तरी काय होतं?"

"कपाटाची चावी," त्या म्हणाल्या. "मेट्रन जाताना माझ्याकडेच देऊन गेली होती."

मी सीटबेल्ट सोडून त्यांच्याकडे वळले.

"नोकरी गेली असती. घरी विधवा आई, दोन लहान बहिणी. सगळं खरं आहे. इंजेक्शन दिलं असतं तरी तो वाचला नसता, हेही खरं. पण ओरडला नसता गं." सीटबेल्ट लावून त्यांनी समोर पाहिलं. "चल, बाळ वाट बघत असेल."

पुढच्या शनिवारीही त्या हॉब्सनांना भरवायला गेल्या. हॉब्सनांनी पुन्हा कधी क्लबची गोष्ट काढली नाही.

त्या हिवाळ्यात मावशींनी अचानक भारतात परत जायचं ठरवलं. विद्या रडली, भांडली. "एक पेशंट राहिलाय," एवढंच मावशी म्हणाल्या. मी काय ते समजले.

महिन्याभरानं त्यांचा फोन आला. रेल्वेच्या जुन्या चाळींत आठ दिवस विचारत फिरल्यावर गणपतची नात सापडली होती. शाळेत शिक्षिका होती. मावशींनी तिला सगळं सांगितलं. चावीचंही.

"ती काय म्हणाली?" मी विचारलं.

"एकच विचारलं. आजोबांना फार त्रास झाला का?"

नर्स अशा वेळी काय सांगते, ते मला ठाऊक होतं. मावशींनीच शिकवलं होतं. नातेवाइकांना सांगायचं, झोपेत गेले, शांतपणे गेले.

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"हो म्हटलं. फार झाला."

एवढ्या लांब जाऊन, पन्नाशीच्या त्या बाईला तिच्याच घरात बसून हे सांगायचं?

"मग ती उठून आत गेली," मावशी म्हणाल्या. "मी बसून राहिले. बराच वेळ कुणी बाहेर आलं नाही. मग मी माझी मी उठले, दार ओढून घेतलं आणि निघाले."