जिनत मॅडमचा संशय

जिनत बागवान कुणाच्या बोलण्यावर चटकन विश्वास ठेवत नाही. धंदाच तसा आहे. ती पुण्यात विश्रांतवाडीत राहते आणि शहरातल्या लहानसहान कंपन्यांचे सर्व्हर सांभाळते. "आम्ही काहीच केलं नाही, आपोआप बंद पडलं," असं कुणी म्हणालं, की तिची नजर आधी त्याच्या हातांकडे जाते.

गेल्या उन्हाळ्यात मार्केट यार्डातल्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीतून तिला बोलावणं आलं. गाड्यांच्या पावत्या काढायचं सॉफ्टवेअर सकाळी पळायचं आणि अकराच्या सुमारास रांगायला लागायचं. एक पावती निघेपर्यंत ड्रायव्हर चहा पिऊन परत यायचा.

मालक हिंमतरावांनी केबिनचं दार लावून घेतलं. "मॅडम, बिघाड मशीनमध्ये नाही, माणसात आहे. आमचा ऑपरेटर श्यामसुंदर मुद्दाम करतोय. शेजारच्या कंपनीनं फूस लावलीय त्याला. मला फक्त पुरावा द्या."

श्यामसुंदर पन्नाशीचा, कमी बोलणारा. "चहा सांगू का?" असं त्यानं विचारलं, तर जिनतनं नुसती मान हलवून नको म्हटलं. ज्याच्यावर संशय आहे त्याचा चहा तिला नको होता.

दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडताच तिनं नेटवर्क पाहिलं, डिस्क पाहिली. सगळं ठीक. अकरा वाजून गेले आणि ऑफिसात कुरकुर सुरू झाली. मग तिनं सर्व्हरवर पाहिलं, आत्ता सगळ्यात जड काम कुणाचं चाललंय. कुणीतरी कंपनी सुरू झाल्यापासूनची एकूण एक पावती पुन्हा पुन्हा मागवत होतं. एक मागणी पुरी व्हायच्या आत दुसरी यायची आणि बाकी सगळे तिच्यामागे खोळंबायचे. मागणाऱ्या कॉम्प्युटरचं नाव होतं 'श्याम'.

म्हणजे हिंमतराव बरोबर होते तर. ती उठून श्यामसुंदरच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली.

"काय काढताय एवढं?"

"पावती. साताऱ्याच्या गाडीची. कधीची अडकलीय."

"फक्त पावतीच?"

तो वळला. "साहेबांनी तुम्हाला माझ्यासाठीच आणलंय ना? सरळ सांगा की."

"तुमचा कॉम्प्युटर बंद करा जरा."

त्यानं बंद केला. जिनत सर्व्हरपाशी आली. 'श्याम'चं मागणं चालूच होतं.

ती थबकली. परत त्याच्यापाशी गेली. "हा कॉम्प्युटर कधीचा?"

"दिवाळीत आलाय. माझा जुना साहेबांनी केबिनमध्ये नेला."

हिंमतरावांच्या टेबलाखाली तोच जुना डबा होता, नाव अजून 'श्याम'च. पडद्यावर एक यादी सारखी हलत होती: कोण कुठली पावती काढतंय, कोण थांबलंय. ती त्यांच्या पुतण्यानं, रविराजनं, बसवून दिली होती आणि दर हलण्याला ती पहिल्यापासूनच्या सगळ्या पावत्या मागवायची. हिंमतराव रोज अकराला येत आणि आल्या आल्या ती उघडत.

"लक्ष ठेवावं लागतं," ते म्हणाले.

जिनतनं ती यादी बंद केली. थोड्याच वेळात बाहेर प्रिंटर खडखडायला लागला, थांबेचना.

हिंमतरावांचा चेहरा उतरला, आवाज मात्र चढला. "माझ्या कॉम्प्युटरला हात लावायला तुम्हाला कुणी सांगितलं? मी माणूस शोधा म्हणालो होतो."

"तोही सापडला," जिनत म्हणाली.

यादीत फक्त त्या दिवसाच्या गाड्या दिसतील अशी सोय तिनं करून दिली आणि निघाली. दारात श्यामसुंदर उभा होता.

"तुमचं काही नव्हतं त्यात," ती म्हणाली. "मला वाटलं होतं..."

"दिसत होतं तोंडावर," तो म्हणाला. "माझा जुना कॉम्प्युटर कुठंय, हे आधीच विचारलं असतंत तर सांगितलं असतं."

दुसऱ्या दिवशी हिंमतरावांनी सर्व्हरचा पासवर्ड बदलला आणि काम रविराजकडे दिलं. पावसाळ्यात श्यामसुंदर वारज्याला एका गोदामात लागला. जिनतनं हे हमीदला, तिच्या नवऱ्याला, जेवताना सांगितलं.

"मग, तुझा काय दोष?" तो म्हणाला.

"मशीनवर नाव दिसलं आणि मी माणूस ठरवून मोकळी झाले," ती म्हणाली आणि ताटातली भाकरी तशीच मोडत बसली.