जन्मावेळी हजर

तिला त्यांनी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसवलं. आत खोलीत पाच खुर्च्या होत्या, त्यातली एक रिकामी होती. अण्णासाहेब म्हणाले, "भागे, तू तिथेच बस. तिथून ऐकू येतं." दार उघडं ठेवलं. वकीलसाहेबांनी आवाज चढवला आणि विचारायला सुरुवात केली. बाळ कोणत्या दिवशी झालं? किती वाजता? खोलीत कोण कोण होतं? पायरीवरून ती उत्तरं देत होती आणि कोपऱ्यात टाइपरायटरपुढे बसून मी ती उतरवून घेत होते.

ती भागी म्हणजे माझी आई. हे तिला माहीत होतं आणि मला. त्या खोलीत तिसऱ्या कुणाला नाही.

आणि मी गप्प होते. हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं वाचताना तुम्हाला वाटायचं, बाई भलतीच शूर दिसते.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. नाशिकला कोर्टासमोर एका वकिलांकडे मी इंग्रजी टायपिस्ट होते. गाव कळवणकडचं. चौथी झाल्यावर मुलींच्या वसतिगृहात आले ती नाशिकचीच झाले. माझं आडनाव गावाच्या नावावरून पडलेलं. त्यावरून जात कळत नाही. वकीलसाहेबांनी पहिल्याच दिवशी आपल्या सोयीचा अंदाज बांधला, मी तो खोडला नाही. पाच वर्षं खोडला नाही. ऑफिसातल्या माठातलं पाणी माझ्या हाताने घेत होते, कुणी हूं की चूं केलं नाही, आणि त्या सुखाची मला चटक लागली होती. आई गावी भावाजवळ राहायची. तिला सांगून ठेवलं होतं, ऑफिसवर यायचं नाही. तिने का म्हणून विचारलं नाही. वकिलाचं नावही विचारलं नाही.

त्या उन्हाळ्यात विनय आणि माधुरी आमच्याकडे येऊ लागले. लग्नाला वर्ष झालेलं. माधुरीचा भाऊ अमेरिकेत होता, त्याने दोघांना बोलावून घेतलं होतं. कायमचं. त्यासाठी कागद करायचे होते.

विनयला मी पाहताक्षणी ओळखलं. अण्णासाहेबांचा मुलगा. आमच्या गावात त्यांची नजर पोचणार नाही एवढी जमीन, गंगापूर रोडला बंगला. तो लहान असतानाच ते नाशिकला राहायला आले. सुट्टीत तो गावी यायचा तेव्हा त्याची सायकल बघायला आमची वस्ती रस्त्यावर यायची. त्याने मला ओळखलं नाही. ओळखणार कसा? तो सायकलवर असायचा, मी बघणाऱ्यांत.

मी जळत होते. सरळ सांगते, दुसरा शब्द शोधत बसत नाही. दर आठवड्याला ती दोघं यायची आणि त्यांची फाइल थोडी जाड झालेली असायची. लग्नाचा दाखला. पोलिसांचा दाखला. पदवीच्या नकला. प्रत्येकाच्या तीन-तीन प्रती, आणि प्रत्येक प्रत माझ्या बोटांतून जायची. मी माधुरीच्या बोटांकडे बघायचे. तिला एकही कागद टाइप करावा लागला नव्हता. फोटोत उजवा कान दिसला पाहिजे असा तिकडचा नियम होता. केस मागे घेऊन, मान वळवून काढलेला तिचा फोटो मी कागदाला टाचला. कुडी चमकली म्हणून तिने तो दुसऱ्यांदा काढून घेतला होता. घरी जाऊन मी आरशापुढे केस मागे घेतले आणि माझा उजवा कान बघत उभी राहिले. कान बरा होता. त्या कानाचा फोटो कुणी मागितला नव्हता.

मीही एकदा पासपोर्टचा फॉर्म आणला होता. आखातात टायपिस्ट लागतात असं कुणीतरी म्हणालं म्हणून. त्यावर एका मोठ्या अधिकाऱ्याने लिहून द्यायचं होतं की मी या बाईला स्वतः ओळखतो. मला ओळखणारं सगळ्यात मोठं माणूस म्हणजे आमच्या वसतिगृहाच्या बाई. फॉर्म ट्रंकेत राहिला. विनय-माधुरीचं ते लिहून घेण्याचं काम एका दुपारी झालं. अधिकारी अण्णासाहेबांचे पाहुणेच होते. त्या दुपारी मी इतक्या जोराने अक्षरं मारली की वकीलसाहेब म्हणाले, "हळू. मशीन मोडशील."

मग त्यांची गाडी एका ठिकाणी अडली आणि मला आनंद झाला. विनयच्या जन्माचा पुरावा नव्हता. गावच्या नोंदवहीत त्याचं नाव चढलंच नव्हतं. शाळेत घालताना वय बसावं म्हणून मास्तरांनी तारीख मागेपुढे केलेली, ती धड जुळेना. तिकडच्या कचेरीला प्रतिज्ञापत्र हवं होतं, जन्मावेळी जो स्वतः हजर होता त्याचं. विनयची आई वारलेली. अण्णासाहेब त्या दिवशी गावातच नव्हते. मग घरात होतं कोण?

सुईण होती. अण्णासाहेबांनी गावाकडे जीप धाडली.

जिन्यावर पावलं वाजली. मी मान वर केली तर दारात आई. धुवट नऊवारी, डोक्यावर पदर. तिने मला पाहिलं. एक क्षण फक्त. मग तिने मान खाली घातली आणि सांगितलेल्या पायरीवर जाऊन बसली. तिला सगळं कळलं होतं. तिला शिकवून ठेवलं होतं मीच.

ती सांगत होती. "गडाची यात्रा व्हती चैत्राची. समदं गाव गडावर. यात्रेच्या दुसऱ्या दिशी, दिस उगवायच्या टायमाला पोर झालं. पायाळू व्हतं. पाय आधी आला. मी फिरवलं, सोडवलं. पण रडंना. निळं पडलं व्हतं. मंग तोंडानं वारा घातला त्याला, तवा रडलं."

वकीलसाहेब म्हणाले, "तेवढं नको. दिवस पक्का का?"

"पक्का, साहेब." आणि मग माझ्याकडे न बघता, "बाई, लिवलं का?"

माझी आई मला बाई म्हणाली. मी मान हलवली.

आणि तरी त्या घडीला माझ्या मनात काय होतं ठाऊक आहे? लाज नंतरची. आधी मत्सर. त्याचा जन्म तिला असा तोंडपाठ, वेळेसकट, रंगासकट. माझा जन्म मी तिला शंभरदा विचारला आहे. "कांदं काढायला आलं व्हतं," एवढंच सांगते. तुझ्याजवळ कोण होतं तेव्हा? "कोन असतंय." माझ्या दाखल्यावर एक जून आहे, गुरुजींनी आमच्या वस्तीतल्या सगळ्याच पोरांना वाटला तो. माझ्या आईने दुसऱ्याचं पोर जगवलं, त्याचा जन्मदिवस चार-पाच माणसं खुर्च्यांत बसून ठरवतायत. आणि तिचं स्वतःचं पोर एक जूनचं.

माधुरी शहरातली. तिने सहज विचारलं, "मग नंतर तुम्हीच बाळाला सांभाळलंत का?"

"धा दिस जात व्हते. त्याला न्हाऊ घालायला, आईचं अंग चोळायला. सोयर फिटलं, मंग नाय."

"का?"

"मंग इटाळ व्हतो ना, बाई. बारशाला अंगनात पान वाढलं मला. तिथनं पाळना दिसत व्हता."

विनय घड्याळ बघत होता. कचेरीची तारीख जवळ आली होती. ते बारसं आमच्या वस्तीने धम्म घेण्याच्या आधीचं. धम्म घेतल्यावर आईने गावकीची कामं सोडली, लुगड्याची आणि सुपातल्या दाण्यांची वाट बघणं सोडलं. पण हे पोर त्याआधीचं होतं.

वकीलसाहेबांनी विचारलं, "पूर्ण नाव काय हिचं?" अण्णासाहेबांना माहीत नव्हतं. ज्या बाईने मुलगा हातात दिला तिचं पूर्ण नाव सत्तावीस वर्षांत त्यांना लागलंच नव्हतं.

मग माधुरी हळूच म्हणाली, "अंगठ्याचा कागद न्यायचा का आपण? ते लोक काय म्हणतील, घरात डॉक्टर नव्हता? त्यापेक्षा आत्यांचं नाव घाला ना."

आत्या म्हणजे अण्णासाहेबांची बहीण. विनयच्या जन्मावेळी त्या पुण्याला होत्या, हे अण्णासाहेबांनीच अर्ध्या तासापूर्वी सांगितलं होतं. त्यांनी वकीलसाहेबांकडे पाहिलं.

"हरकत नाही," वकीलसाहेब म्हणाले. "माहिती हिची, सही त्यांची. घे, लिही." आणि त्यांनी मला इंग्रजीत सांगायला सुरुवात केली. मी, अमुक यांची बहीण, शपथेवर सांगते की माझ्या भाच्याच्या जन्मावेळी मी स्वतः खोलीत हजर होते.

मी कागद चढवला. कार्बन लावला. 'मी' टाइप केलं. पुढे बोट उठेना.

पाच वर्षांत मी खोटे कागद पुष्कळ केले होते. कोर्टासमोरच्या टायपिस्टला खऱ्याचं व्रत परवडत नाही. पण मी पायरीकडे पाहिलं. आई पदराने मान पुसत होती. तिला इंग्रजी कळत नव्हतं. तिला वाटत होतं, तिचंच नाव चाललंय.

मी कागद ओढून काढला. म्हणाले, "ती माझी आई आहे. हजर ती होती."

वकीलसाहेब आधी माझ्याकडे बघत राहिले, मग माठाकडे. त्यांची नजर माठाकडे गेली हे मी पाहिलं.

तेवढ्यात पायरीवरून आई बोलली. "नाय हो साहेब. माझी लेक गावाकडं हाय. ह्या बाई कोन, मला नाय ठावं."

आयुष्यात मला कुणी मारलं असेल, शिव्या दिल्या असतील. हे सगळ्यांत जास्त लागलं. माझी नोकरी वाचावी म्हणून माझ्या आईने मला नाकारलं, आणि इतक्या सराईतपणे, की मला कळलं, पाच वर्षं ती मनातल्या मनात ह्याचीच तालीम करत होती. तिला ही तालीम मी दिली होती. अण्णासाहेबांनी नाही.

मी बाहेर गेले आणि तिच्याशेजारी पायरीवर बसले. तिने माझ्या दंडाला चिमटा काढला. "गप ऱ्हा," पुटपुटली. "भाकर जाईल."

"जाऊ दे," मी म्हणाले. मोठ्याने म्हणाले, आतल्यांना ऐकू जाईल असं.

परत आत जाऊन मी दुसरा कागद चढवला. कुणी सांगितलं नाही, माझं मीच लिहिलं. मी, भागीरथीबाई, नवऱ्याचं नाव, गाव. जन्मावेळी मी स्वतः हजर होते. बाळ पायाळू होतं. मी फिरवलं. मी त्याला श्वास दिला. मग शाईचा पॅड घेऊन पायरीवर गेले आणि तो कागद तिला मराठीत वाचून दाखवला.

"ह्यात माझं नाव हाय?"

"हाय."

"पायाळू लिवलं?"

"लिवलं."

तिने अंगठा पॅडवर टेकवला, थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिली आणि मग कागदावर असा दाबला की खालचं माझ्या हाताचं बोट दुखलं.

मी कागद टेबलावर ठेवला. "हा खरा आहे. न्यायचा तर हा न्या. दुसरा मी करणार नाही."

अण्णासाहेब उठले. विनय माझ्याकडे पहिल्यांदाच नीट बघत होता. तो काहीतरी बोलेल असं वाटलं. त्याने फाइल बंद केली आणि बायकोला म्हणाला, "चल." कागद टेबलावरच राहिला.

वकीलसाहेबांनी मला संध्याकाळीच काढलं. म्हणाले, "तू इथे खोटं सांगून राहिलीस." आत्यांच्या शपथेचा त्यांच्या हाताने खरडलेला मसुदा तेव्हा त्यांच्या पेपरवेटखाली होता.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या टायपिस्टने आत्यांचा कागद करून दिला. आत्यांनी सही केली. दिवाळीनंतर विनय-माधुरी गेले. गळ्यात हार घातलेल्या दोघांचा फोटो स्थानिक पेपरात आला, परदेशगमनाबद्दल अभिनंदन. मी तो फोटो बघत अर्धा तास बसले होते. आई माझ्याशी तीन महिने बोलली नाही. चांगली नोकरी घालवली म्हणून. तिचा तो कागद मी तिला दिला तेव्हा म्हणाली, "ह्यो खाऊ का?" आणि तरीही घडी घालून पेटीत ठेवला.

माझा मत्सर गेला का? नाही गेला. अजून कुणी फाइल घेऊन विमानाच्या गोष्टी करत आलं की मी जळते. मला जायचं होतं. मला ओळखणारा अधिकारी मला हवा होता. हे मी आता लपवत नाही. पण त्या दिवसापासून त्या जळण्याला मी मान खाली घालून बसू देत नाही. ते मला विचारायला लावतं, हे कुणाचं काम, आणि सही कुणाची?

आता मी कोर्टाच्या आवारात भाड्याचं मशीन लावून बसते. कुणी शपथेचा कागद घेऊन आलं की आधी विचारते, तिथे हजर कोण होतं? त्याला आणा. तो माणूस माझ्यासमोर येईल, त्याच्या तोंडून ऐकेन, मगच कागद चढवेन. निम्मे लोक उठून शेजारच्याकडे जातात. जातील. भाडं भागत नाही तेव्हाही मी त्यांना हाक मारून परत बोलावत नाही. आणि माझ्याबद्दल कुणी अंदाज बांधायला लागलं, की त्याचा अंदाज पुरा व्हायच्या आत मी त्याला सांगते, मी कुणाची आहे.